काळ्या फॉस्फरसचा झेडटी मोजायला घेतला तेव्हा

ग्रुप मीटिंगला मी आमच्या काळ्या फॉस्फरसच्या पट्टीचा ग्राफ लावला, सरळ रेषा, सगळे ठिपके रेषेवर, सीबेकचा आकडा आधी छापून आलेल्या आकड्याशी जुळलेला. सगळ्यांना बरं वाटलं. शेवटच्या स्लाइडवर मी झेडटीचा, म्हणजे मटेरियल उष्णतेपासून वीज करायला किती चांगलं ते सांगणाऱ्या आकड्याचा, अंदाज लिहिला होता आणि शेजारी "आर्मचेअर" असं, हे क्रिस्टलमधल्या एका दिशेचं नाव. सरांनी विचारलं, "ही दिशा तू बघितलीस?" मी म्हटलं, "नाही सर, पट्टीची लांब कड आर्मचेअर धरलीय." ते म्हणाले, "धरलीय म्हणजे माहीत नाही. आधी ते बघून ये, मग पुढचं बोलू." पाच महिन्यांचं काम तिथे थांबलं आणि पुढचे सात महिने त्या एका प्रश्नात गेले, आणि मला जे काही या मटेरियलबद्दल खरं कळलंय ते त्या सात महिन्यांतच कळलंय, म्हणून लिहितेय. या विषयात कुणी नवीन येत असेल तर त्याचे तरी महिने वाचतील.

आधी थोडक्यात झेडटी म्हणजे काय ते सांगते. वस्तूचं एक टोक गरम आणि एक गार ठेवलं की दोन टोकांमध्ये व्होल्टेज तयार होतं, १८२१ मध्ये थॉमस सीबेकला दोन वेगळ्या धातूंच्या जोडणीजवळ होकायंत्राची सुई हलताना दिसली तिथून ही गोष्ट सुरू होते. एका केल्विनच्या फरकाला किती व्होल्टेज मिळतं तो सीबेक कोइफिशंट. पण नुसतं व्होल्टेज मिळून भागत नाही, वीज त्यातून सहज वाहिली पाहिजे आणि उष्णता मात्र वाहता कामा नये, नाहीतर गरम टोक गार टोकाला सगळं देऊन मोकळं होतं आणि फरकच उरत नाही. हे सगळं एका आकड्यात बसवायचं म्हणजे सीबेकचा वर्ग, गुणिले विद्युतवाहकता, गुणिले तापमान, भागिले उष्णतावाहकता. हा झेडटी १ च्या आसपास गेला की मटेरियल कामाचं. बिस्मथ टेल्युराइड नेहमीच्या तापमानाला तिथे पोचतं, छोट्या इलेक्ट्रॉनिक कूलरमध्ये तेच असतं, पण टेल्युरियम फार दुर्मिळ, आणि फॉस्फरस भरपूर.

पण मी फॉस्फरसकडे वळले ती भरपूर आहे म्हणून नाही, त्याच्या घड्यांमुळे. काळ्या फॉस्फरसमध्ये प्रत्येक अणू तीन शेजाऱ्यांना धरून असतो आणि थरावर थर असतात, ग्रॅफाइटसारखेच, पण थर सपाट नसतो. कागदाचा पंखा करताना आपण एक घडी वर एक घडी खाली अशा घालतो ना, तसा तो दिसतो. तो कागदाचा पंखा हातात घेऊन बघा, घड्यांना आडवा दाबला तर लगेच मिटतो, घड्यांच्या रेषेत दाबला तर ताठ राहतो. फॉस्फरसच्या एका थराचंही गणितातून तसंच येतं, घड्यांना आडव्या दिशेत ताठपणा ४४ गिगापास्कल आणि घड्यांच्या रेषेत १६६. आडव्या दिशेला आर्मचेअर म्हणतात, रेषेतल्या दिशेला झिगझॅग. आता उष्णता इथे मुख्यतः जाळीच्या कंपनांवरून जाते आणि ताठ दिशेत कंपनं वेगात पळतात, त्यामुळे झिगझॅगला उष्णता जास्त आणि आर्मचेअरला कमी. आणि विजेचं नेमकं उलटं! विद्युतभार वाहून नेणारे कण आर्मचेअर दिशेत हलके असतात, त्यांचं परिणामी वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या ०.०८ पट वगैरे, झिगझॅगला त्याच्या कितीतरी पट जड. म्हणजे एकाच दिशेत वीज चांगली आणि उष्णता वाईट. थर्मोइलेक्ट्रिकवाल्यांना हेच हवं असतं आणि एरवी ते मिळवायला किती खटपट करावी लागते, इथे ते जन्मजात आहे. २०१४ मध्ये फॉस्फरसचे मोजके थर वेगळे करून त्याचे ट्रान्झिस्टर बनवलेले पेपर आले, त्याच वर्षी याच आडव्या-उभ्या फरकावर गणित करून एका थराचा झेडटी आर्मचेअर दिशेत साध्या खोलीच्या तापमानाला १ पर्यंत जाऊ शकतो असं दाखवणारा पेपर आला. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्री झोप लागली नव्हती, खरंच सांगते.

मला मात्र एक थर नको होता. एका थरावर मोजायचं म्हणजे आधी फॅब्रिकेशन शिकण्यातच दोन वर्षं जातात, म्हणून जाड क्रिस्टलपासून सुरुवात करायची असं ठरलं, डोळ्यांनी दिसेल चिमट्याने उचलता येईल असा तुकडा, त्यावर तिन्ही गोष्टी मोजायच्या आणि मग पातळ करत जायचं.

क्रिस्टल आम्हीच वाढवला. काळा फॉस्फरस पहिल्यांदा १९१४ मध्ये पर्सी ब्रिजमनने केला तो वातावरणाच्या बारा हजारपट दाबाखाली २०० डिग्रीला, पण आता दाबाचं यंत्र लागत नाही, लाल फॉस्फरससोबत थोडं कथील आणि टिन आयोडाइड क्वार्ट्झच्या ट्यूबमध्ये घालून हवा काढून सील करायचं, फर्नेसमध्ये सहाशे-साडेसहाशे डिग्रीपर्यंत न्यायचं आणि मग अगदी सावकाश गार करायचं. सावकाश हा शब्द इथे फार महत्त्वाचा. माझी पहिली ट्यूब मी घाईने उतरवली आणि आत फक्त लाल पावडर आणि काचेला चिकटलेला पिवळट थर, तो पांढरा फॉस्फरस असतो, हवेत आला तर तिशीतल्या तापमानालाच पेट घेतो, म्हणून ट्यूब कायम ग्लोव्हबॉक्समध्येच, म्हणजे आत हवा नसलेल्या बंद पेटीतच फोडायची, यात कुणी शॉर्टकट मारू नका. तिसऱ्या ट्यूबला जमलं. गार टोकाला काळ्या चकचकीत पट्ट्यांचा झुपका, एकेक पट्टी पाच-सहा मिलिमीटर लांब, जेमतेम एक मिलिमीटर रुंद आणि जाडीला मिलिमीटरचा दहावा भाग. चिमट्यात धरून दिव्याखाली फिरवली की आरशासारखी चमकते आणि जरा जास्त दाब दिला की पुस्तकाच्या पानांसारखी सुटते. गरम टोल्युइनने धुऊन आयोडाइड काढायचं, वाळवायचं, झालं.

सीबेक मोजणं तसं समजायला सोपं आहे आणि करायला किचकट. तांब्याचे दोन ठोकळे, त्यांच्यामध्ये पट्टी पुलासारखी टाकलेली, एका ठोकळ्याखाली छोटा हीटर, पट्टीवर दोन ठिकाणी केसासारखे बारीक थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोड्या, सिल्व्हर पेस्टने चिकटवलेले, सगळं व्हॅक्यूममध्ये. एकाच तापमान-फरकाला एक रीडिंग घेऊन भागाकार करायचा नाही, कारण तारांच्या जोडण्यांमध्ये कुठे ना कुठे दोन-पाच मायक्रोव्होल्टचा ऑफसेट बसलेला असतोच. फरक अर्ध्या केल्विनपासून तीन केल्विनपर्यंत हळूहळू वाढवत न्यायचा, व्होल्टेज लिहीत जायचं आणि रेषेचा स्लोप घ्यायचा, मग ऑफसेट कितीही असला तरी स्लोपला फरक पडत नाही. त्यातून तांब्याच्या तारेचा स्वतःचा दोनेक मायक्रोव्होल्टचा वाटा हिशेबात धरायचा.

पहिले पंधरा दिवस माझा स्लोप रोज वेगळा यायचा. सकाळी एक, संध्याकाळी दुसरा, दुसऱ्या दिवशी रेझिस्टन्सच बदललेला. मी पेस्ट बदलली, तारा बदलल्या, मीटर बदललं. शेवटी एकदा सँपल काढून मायक्रोस्कोपखाली ठेवलं आणि बघतच राहिले. दोन दिवसांपूर्वी जी सपाट काळी चकचकीत पृष्ठभागाची पट्टी होती तिच्यावर बारीक बारीक थेंब, घामासारखे, काही ठिकाणी दोन-तीन एकत्र येऊन मोठे झालेले, आणि सुईने एक थेंब बाजूला सारला तर खाली खड्डा. काळा फॉस्फरस हा फॉस्फरसचा सगळ्यात स्थिर प्रकार आहे असं पुस्तकात वाचलेलं, आणि ते खरंही आहे, पेट वगैरे घेत नाही, पण हवेतला ऑक्सिजन, ओलावा आणि उजेड तिन्ही एकत्र मिळाले की पृष्ठभाग ऑक्साइड होतो, ऑक्साइड पाणी ओढून घेतो आणि फॉस्फोरिक आम्लासारखा द्रव तयार होतो. तो द्रव स्वतः वीज वाहतो! म्हणजे मी अर्धा क्रिस्टल आणि अर्धा त्याच्या अंगावरचा ओलावा मोजत होते. त्यानंतर नियमच केला, ताजी पट्टी ग्लोव्हबॉक्समध्ये उघडायची, वरचे थर टेपने सोलून टाकायचे, तिथेच पेस्ट लावायची आणि बंद डब्यातून सरळ व्हॅक्यूममध्ये. एक-दोन थरांच्या सँपलवर तर हे काही तासांत होतं म्हणून लोक वर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा किंवा बोरॉन नायट्राइडचा थर देतात.

हे नीट केल्यावर सीबेक ३३० मायक्रोव्होल्ट प्रति केल्विनच्या आसपास स्थिर झाला, चिन्ह अधिक, म्हणजे होलवाला, वीज धन भाराच्या कणांसारखी वाहणारा. जाड क्रिस्टलसाठी २०१५ मध्ये ३३५ छापून आलेला आहे. मग चार-प्रोबने, म्हणजे पट्टीवर चार ठिकाणी तारा लावून, विद्युतवाहकता मोजली. उष्णतावाहकता मोजायचा सेटअप अजून तयार नव्हता म्हणून ती मी पेपरमधून उचलली, लेझरने मोजलेला २०१५ चाच आकडा, झिगझॅगला ८६ आणि आर्मचेअरला ३४ वॅट प्रति मीटर केल्विन, त्यातला ३४ घेतला आणि स्लाइड केली. ती मीटिंग म्हणजे वर सांगितली ती.

दिशा बघायला गेले तर पहिले रामन केलं, म्हणजे सँपलवर लेझर टाकून विखुरलेला प्रकाश बघितला. काळ्या फॉस्फरसचे तीन शिखर दिसतात, ३६१, ४३८ आणि ४६६ प्रति सेंटीमीटरच्या आसपास, आणि पोलराइज्ड लेझरखाली सँपल फिरवत गेलं की त्यांची उंची कमीजास्त होते, ४६६ वालं दर १८० अंशांनी परत मूळ उंचीवर येतं. त्यावरून दोन मुख्य अक्ष कुठे आहेत ते कळतं. पण त्यातला कुठला कुठला हे सांगताना जपावं लागतं, कारण कुठल्या अक्षावर शिखर मोठं दिसणार हे सँपलच्या जाडीवर आणि लेझरच्या रंगावर बदलू शकतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि माझं उत्तर दोन लेझरवर दोन वेगळं आलं. मी तीन दिवस तेच करत बसले होते. शेवटी एका सीनिअरने सांगितलं, "तुझा तुकडा मिलिमीटरचा आहे, एक्स-रे टाक ना सरळ." लाऊए पद्धतीने क्ष-किरणांचा फोटो घेतला, ठिपक्यांची नक्षी सॉफ्टवेअरमध्ये बसवली आणि दहा मिनिटांत उत्तर आलं. लांब कड झिगझॅग. एक नाही, पाच पट्ट्या बघितल्या, पाचही झिगझॅग.

म्हणजे मी विद्युतवाहकता झिगझॅगची मोजली होती आणि भागायला उष्णतावाहकता आर्मचेअरची घेतली होती. असा कुठलाच तुकडा जगात नाही ज्यात या दोन गोष्टी एकत्र असतील. झिगझॅगचा झेडटी म्हणून बघितला तर माझा आकडा अडीचपट फुगलेला होता आणि आर्मचेअरचा म्हणून बघितला तर उलट कमी होता. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की सीबेकने काहीच इशारा दिला नाही. नंतर कळलं की तो देणारच नव्हता, सीबेक दोन्ही दिशांना जवळजवळ सारखाच येतो, कण कुठल्या ऊर्जेचे आहेत यावर तो जास्त ठरतो, ते कुठल्या दिशेने किती हलके आहेत हे त्याच्या सूत्रात बऱ्यापैकी वरखाली कटून जातं. म्हणून सीबेक जुळला म्हणजे सँपल बरोबर बसलंय असं अजिबात समजू नये. दिशा दाखवतात त्या दोन वाहकता.

त्याच सुमारास शेजारच्या टेबलावर मित्र गणिताची बाजू करत होता आणि तो वेगळ्याच अडचणीत. एका थराच्या उष्णतावाहकतेसाठी २०१५ मध्येच दोन गटांनी मूलभूत गणितातून काढलेले आकडे आहेत, एकाचे झिगझॅगला ३० आणि आर्मचेअरला १४ च्या जवळ, दुसऱ्याचे ११० आणि ३६. तिपटीचा फरक, दोन्ही प्रामाणिक कामं. आत गेलं की कळतं, कितव्या शेजाऱ्यापर्यंतचं बल धरलं, जाळी किती बारीक घेतली, एका थराची जाडी किती मानली यावर उत्तर हलतं. जाडी तर निव्वळ मानण्यावरच आहे, एक अणूच्या घडीची जाडी कुठून कुठपर्यंत मोजणार? तरी दोन्हींमध्ये एक गोष्ट पक्की राहते, झिगझॅग जास्त, आर्मचेअर कमी. त्यामुळे आम्ही दोघांनी ठरवलं की आकड्यापेक्षा आधी दोन दिशांचं गुणोत्तर मिळवायचं, तेही एकाच तुकड्यावर.

हे बोलायला सोपं. झिगझॅगला पाच मिलिमीटर लांबी आहे, एका टोकाला छोटा हीटर चिकटवा, दुसरं टोक तांब्यावर, एक मिलिवॅट दिला की अर्ध्या केल्विनच्या वर फरक पडतो, आरामात मोजता येतं, फक्त पृष्ठभागावरून किरणांवाटे निसटणारी उष्णता वजा करायची. आर्मचेअर म्हणजे पट्टीची रुंदी, एक मिलिमीटर. त्यात दोन थर्मोकपल बसवायचे आणि थर्मोकपलचा मणीच पाव मिलिमीटरचा! मण्याच्या कुठल्या बाजूने मोजायचं एवढ्यावर उत्तर वीस टक्क्यांनी हलत होतं. मी पट्ट्या ब्लेडने आडव्या कापून बघितल्या, निम्म्या कापतानाच सुटल्या. शेवटी एका ट्यूबमध्ये सुदैवाने दीड मिलिमीटर रुंदीचा तुकडा मिळाला, त्याच्यावर आणखी बारीक तारा वापरून बारा वेळा चिकटवून बारा वेळा मोजलं, आणि त्याच तुकड्याचा एक भाग लेझरने मोजणाऱ्या दुसऱ्या लॅबला पाठवला, तिथे वर ॲल्युमिनियमचा पातळ थर देऊन लेझरचा ठिपका काही मायक्रॉनचा असतो त्यामुळे लांबीचा प्रश्नच येत नाही. दोन्हींकडून उष्णतावाहकतेचं गुणोत्तर अडीचच्या आसपास आलं. विद्युतवाहकता आर्मचेअरला साधारण दुप्पट. सीबेक दोन्हीकडे मोजण्याच्या चुकीच्या आत सारखा. म्हणजे एकाच क्रिस्टलमध्ये, काही न मिसळता काही न बदलता, नुसती दिशा बदलून झेडटी पाचपट. तो दिवस मी विसरणार नाही.

आता प्रत्यक्ष आकडा किती, तर तो अगदी छोटा आहे आणि हे सांगितलं पाहिजे, कारण नवीन लोक १ वाचून येतात. सीबेक ३३५ धरा, उष्णतावाहकता ३० धरा, ३०० केल्विनला झेडटी १ यायला विद्युतवाहकता मीटरला जवळजवळ नऊ लाख सीमेन्स लागते. ही हीटरच्या कॉइलमधल्या नायक्रोमच्या तारेची वाहकता झाली, आणि माझ्या न मिसळलेल्या क्रिस्टलची शेकड्यात आहे. बरं, डोपिंग करून, म्हणजे थोडं दुसरं मूलद्रव्य मिसळून, वाहकता वाढवायची तर सीबेक खाली येतो, धातूसारखी वाहकता आणि ३३५ चा सीबेक एकत्र कुणालाच मिळत नाही. बिस्मथ टेल्युराइडचा सीबेक तर कमी असतो, दोनशेच्या घरात, त्याची खरी कमाई उष्णतावाहकता दीड-दोन असण्यात आहे. फॉस्फरसची लढाई तिथे आहे, माझ्या मते डोपिंगपेक्षा आधी उष्णतेशी. आणि फॉस्फरस इथे जरा हट्टी आहे, अणू हलका, बंध पक्के, आणि निसर्गात त्याचा एकच स्थिर आयसोटोप आहे, ३१ वस्तुमानाचा, त्यामुळे कमीजास्त वजनाच्या अणूंवर आपटून कंपनं विखुरण्याची जी थोडीफार मदत इतर मूलद्रव्यांत फुकट मिळते तीही नाही. बारीक बारीक कणांचा सँपल घेतला तर उष्णतावाहकता १२ पर्यंत खाली आलेली १९६५ मध्येच मोजलेली आहे, पण कणांची दिशा विखुरली की आर्मचेअरचा फायदाही जातो, जे मिळवायचं तेच घालवलं असं होतं.

म्हणून आम्ही आर्सेनिककडे वळलो. आर्सेनिक त्याच घड्यांच्या रचनेत फॉस्फरसच्या जागी बसतं, २०१५ मध्ये असे मिश्र क्रिस्टल बनवून दाखवलेले आहेत, अणूचं वजन ७५, म्हणजे फॉस्फरसच्या अडीचपट जड, कंपनांना अडथळा तिथे मिळायला हवा आणि दिशा मात्र तशीच राहायला हवी. विषारी आहे त्यामुळे सगळं आणखी सावकाश. पहिली ट्यूब मागच्या महिन्यात उघडली, पट्ट्या आल्या आहेत, जरा जास्त ठिसूळ, चमक तीच. तार चिकटवायच्या आधी लाऊए केलं. लांब कड परत झिगझॅगच निघाली, रुंदी जेमतेम एक मिलिमीटर, त्यामुळे सध्या आणखी बारीक थर्मोकपल बनवत बसलेय.